टेकडी, पायऱ्या आणि यादीत नसलेला ओघळ

आमच्या टेकडीवर अर्ध्या चढावर एक ओघळ आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी तिथे काही नव्हतं, नुसतं गवत, आणि पायवाट त्याला वळसा घालून जायची. मग कुणीतरी एक दिवस वळसा टाळून सरळ वर चढलं, फार तर चाळीस पावलं वाचली असतील. दुसऱ्याने ते बघितलं. गवत आधी झोपलं, मग मेलं, मग तिथे मातीची एक फिकट रेघ दिसायला लागली आणि पावसाळ्यात पाण्यालाही नेमकी तीच रेघ सापडली. पाणी आपल्याइतकंच आळशी, सगळ्यात जवळची वाट धरतं. आता त्या ओघळात माझा पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि कडेच्या झाडाची मुळं अशी उघडी पडलीयत की चढताना धरायला बरी पडतात. मीही धरते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी बरंच शहाणपण सांगणार आहे.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे टेकडीच्या 'विकासा'ची यादी आलीय. तशी ती अधूनमधून येतेच, पण यावेळी जरा लांबलचक आहे. सिमेंटच्या पायऱ्या, स्टीलचं रेलिंग, दोन्ही बाजूंना दिवे, माथ्यावर व्ह्यू पॉइंट आणि सेल्फीसाठी शहराच्या नावाची मोठ्ठी अक्षरं, मागच्या बाजूने गाडी जाईल असा रस्ता, आणि गाडी वर गेली की तिला उभं राहायला जागा लागणारच म्हणून पार्किंग. नागरिकांनी सूचना कळवाव्यात असंही खाली लिहिलंय. मी ती यादी दोनदा वाचली, ओघळ त्यात कुठेच नाही. टेकडी कुठली ते मुद्दाम सांगत नाहीये, नाव घेतलं की चर्चा लगेच त्या गावाच्या राजकारणावर जाते, आणि तसंही ज्याच्या शहराच्या कडेला टेकडी आहे त्याने आपलीच समजून वाचावं, यादी सगळीकडे साधारण हीच असते.

माझं म्हणणं असं की टेकडीवर पैसा खर्च व्हायलाच हवा, पण दरवर्षी थोडा थोडा, आणि बराचसा कुणाच्या डोळ्यांत न भरणारा. वाटा नीट ठेवायला, पावसाआधी पाणी बाजूला काढायला, दोन-चार माणसं कायमची कामावर ठेवायला. अडचण एवढीच की बुजवलेल्या ओघळाचं उद्घाटन करता येत नाही. फीत बांधणार कुठे? देखभाल नीट झाली की काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही याचा फोटो छापून येत नाही. पायऱ्यांचा येतो. म्हणून यादीत पायऱ्या असतात.

आता काही लोक म्हणतील एवढ्याशा टेकडीचं काय घेऊन बसलात. एवढीशी आहे म्हणूनच घेऊन बसलेय. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने चालण्याचा एक ठोकताळा दिला होता, तीन मैलांना एक तास धरा आणि दर दोन हजार फूट चढाला वर आणखी एक तास. तो हिशोब आपल्या टेकडीला लावला तर शंभर मीटर चढायला सपाटीच्या वेळेपेक्षा जेमतेम दहा मिनिटं जास्त. म्हणजे शंभर मीटरची टेकडी ही कामावर जायच्या आधी उरकता येणारी गोष्ट आहे, तिला सुट्टी लागत नाही, खास बूट लागत नाहीत, कुणाला विचारावं लागत नाही. जिमचे आकडे आवडणाऱ्यांसाठी सांगते, साठ किलोच्या माणसाने शंभर मीटर वर चढण्याचं निव्वळ काम चौदा-पंधरा कॅलरींचं असतं, पण आपले स्नायू असे उधळे की त्यासाठी चार-पाचपट जाळतात, तरी साठ-सत्तरच्या वर जात नाही. त्यामुळे वजन उतरवायला टेकडी चढणाऱ्यांनी फार अपेक्षा ठेवू नयेत, पण दम लागणं, घाम येणं आणि माथ्यावर पोचल्यावर डोकं रिकामं होणं हे कॅलरीत मोजलं जात नाही. असो.

वर गार वाटतं त्याचंही असंच. उंचीमुळे गार आहे असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचे. पण हवा वर जाताना साधारण किलोमीटरला साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे शंभर मीटरला एक अंशसुद्धा नाही. मग तो गारवा येतो कुठून? तर वर वारा अडत नाही, झाडं आहेत, गवत आहे, माती ओल धरून ठेवते आणि दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडत बसणारं डांबर-काँक्रीट तिथे नाही. आता या हिशोबात माथ्यावर फरशा बसवलेला व्ह्यू पॉइंट आणि पार्किंग टाकून बघा. ज्या गारव्यासाठी लोक वर येणार तोच आपण फरशी घालून घालवणार, आणि मग सावलीसाठी पत्र्याची शेड टाकणार.

पण मला टेकडी हवी असण्याचं खरं कारण वेगळं आहे, थंडीच्या दिवसांत सकाळी वर गेलं की ते दिसतं. रात्री जमीन भराभर थंड होते, तिच्या लगतची हवा गार होऊन जड होते आणि खालीच बसून राहते, आणि तिच्यावर जरा उबदार हवेचं झाकण बसतं. शहराचा सगळा धूर त्या झाकणाखाली अडकतो. खाली असताना आपल्याला वाटतं आज जरा धुकं आहे, छान वाटतंय. माथ्यावरून ती एक करडी, सपाट रेघ दिसते, पट्टीने आखल्यासारखी, तिच्या वर निळं आकाश आणि उंच इमारतींचे फक्त शेवटचे मजले, आणि आपण आत्ता अर्ध्या तासात परत त्या रेघेखाली उतरणार आहोत हे कळतं. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा शेजारी एक शाळकरी मुलगा उभा होता, तो आईला म्हणाला, "आपलं घर त्या घाणीत आहे?" आईने घाईघाईने विषय बदलला. नकाशे आणि आकडे बघून जे मनात उतरत नाही ते त्या पोराला एका वाक्यात कळलं होतं. अख्खं शहर एका नजरेत दिसेल, तेही कुठल्या उंच हॉटेलचं तिकीट न काढता, अशी सगळ्यांच्या मालकीची जागा शहरात दुसरी कुठली आहे? नदी कुठे वळते, नवीन वस्ती कुठे चढत आलीय, कुठलं तळं गेल्या वर्षी होतं आणि आता मैदान झालंय, हे सगळं वरून उघडं पडतं. कदाचित म्हणूनच काहींना टेकडी खुपत असेल.

हे फक्त माझं हळवेपण नाही, काही शहरांनी ही गोष्ट चक्क नियमांत घातलीय. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मध्यभागी मों-रोयाल नावाची टेकडी आहे, समुद्रसपाटीपासून २३३ मीटर, आणि तिथला नियम असा की शहरातल्या कुठल्याही इमारतीचं टोक टेकडीच्या माथ्याहून वर जायचं नाही. लंडनची प्रिमरोज हिल जेमतेम ६० मीटरच्या थोडी वर, पार्लमेंट हिल ९८, आपल्याकडे कुणी त्यांना टेकाडसुद्धा म्हणणार नाही, पण त्यांच्यावरून सेंट पॉल्स कॅथेड्रलचा घुमट दिसत राहिला पाहिजे म्हणून मधल्या पट्ट्यातल्या इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. सेऊलमध्ये तर त्याच्या पुढे गेले. नामसान टेकडीचा उतार झाकणाऱ्या उंच निवासी इमारती १९९४ मध्ये स्फोट करून पाडल्या, का तर टेकडी दिसत नव्हती. आणि जागाच नाही हो, शहराने वाढायचं कुठे, असं म्हणणाऱ्यांनी हाँगकाँगकडे बघावं. जगातल्या सगळ्यात महाग जमिनींपैकी एक तिथे आहे, आणि तरी १९७६ च्या कायद्यानंतर तिथली सुमारे ४० टक्के जमीन कंट्री पार्क आणि तसल्याच राखीव भागात आहे, त्यातला बराचसा भाग डोंगरउतार. जागेची चणचण त्यांना आपल्याहून कमी आहे असं तर नाही ना?

खरी चूक 'रिकामी जागा' या शब्दापासून सुरू होते असं मला वाटतं. कागदावर टेकडी रिकामी दिसते, तिथे घर नाही, दुकान नाही, म्हणजे काहीच नाही. पण त्या उतारावर पडलेलं पाणी गवताच्या मुळांपाशी थांबतं, थोडं जिरतं, उरलेलं सावकाश खाली येतं. तोच उतार उघडा आणि तुडवून कडक झालेला असेल तर ते सगळं एकदम खाली येतं, सोबत माती घेऊन, आणि पायथ्याच्या गल्लीतल्या लोकांच्या घरात शिरतं. तेव्हा सगळे पावसाला शिव्या देतात. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याहून भारी प्रकार चालला होता. आर्थर्स सीट या २५१ मीटरच्या टेकडीला लागून सॅलिसबरी क्रॅग्ज नावाचे कडे आहेत, तिथला दगड फोडून लंडनच्या रस्त्यांना फरसबंदीला जायचा, आणि विकणारा कोण, तर ज्याच्याकडे टेकडीभोवतीच्या राजउद्यानाचं वंशपरंपरागत राखणदार हे पद होतं तो अर्ल ऑफ हॅडिंग्टन. राखणदारच टेकडी विकत होता. शेवटी प्रकरण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १८३१ मध्ये ते दगड फोडणं थांबलं. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळरानाची गोष्टही तशीच, जमीनदार थॉमस मॅरियन विल्सन कित्येक वर्षं तिथे बांधकामाची परवानगी मिळवायच्या मागे होता, लोक आणि पार्लमेंट अडवत राहिले, तो वारला आणि मग १८७१ मध्ये कायदा होऊन ती जागा सार्वजनिक म्हणून कायमची राहिली. म्हणजे अशा जागा नशिबाने वाचत नाहीत, कुणीतरी चिकटपणे वर्षानुवर्षं अर्ज करत बसलेलं असतं.

आता रस्त्याबद्दल. यादीतली मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे. एकदा गाडी वर गेली की चालणाऱ्याची टेकडी संपली, हे मी अंदाजाने बोलत नाहीये. मों-रोयालचं उद्यान १८७६ मध्ये खुलं झालं, आखणी केली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क करणाऱ्यांपैकी एक. त्याने लांब वळणं घेत हळूहळू चढणारा मार्ग दिला होता. पुढे १९५८ मध्ये टेकडीवरून आरपार मोटाररस्ता झाला आणि त्याला नाव दिलं कामिलिएं हूद यांचं, म्हणजे अशा मोटाररस्त्याला विरोध करणाऱ्या माजी महापौरांचंच. बिचारे त्याच वर्षी वारले, नाहीतर काय म्हणाले असते कोण जाणे. तो रस्ता लोकांनी अर्थातच शॉर्टकट म्हणून वापरला, टेकडी बघायला कोण थांबतंय. २०२३ मध्ये शहराने जाहीर केलं की तो मोटारींसाठी बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना द्यायचा. करायला काही वर्षं आणि बंद करूया असं ठरवायलाच पासष्ट वर्षं! ट्रॅफिक फुटेल म्हणून टेकडीवरून रस्ता काढा म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगते.

सिंगापूरची तर याहून महागडी. बुकित तिमाह ही १६३ मीटरची टेकडी, सिंगापूरमधली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा, आणि तिच्यावर जुनं जंगल टिकून आहे. १९८६ मध्ये एक्स्प्रेसवेने ते जंगल शेजारच्या मोठ्या जंगलापासून तोडलं. मग कळलं की खवल्या मांजरासारखे प्राणी अलीकडून पलीकडे जायला बघतात आणि गाडीखाली येतात. २०१३ मध्ये त्याच एक्स्प्रेसवेवर ६२ मीटर लांबीचा पूल बांधला, वर माती घातली, झाडं लावली, फक्त प्राण्यांना जायला. फार सुंदर पूल आहे म्हणतात. पण आधी कापायचं आणि सत्तावीस वर्षांनी टाके घालायचे, हे परवडणारं शहर होतं ते. आपल्यापैकी किती शहरं तो पूल बांधतील? आपण कापू, टाके घालायची फाइल फिरत राहील.

पायऱ्या मात्र लोकांना मनापासून आवडतात, आणि इथे मला माझ्याच चालणाऱ्या मित्रमंडळींशी भांडावं लागतं. टेकडीच्या खालच्या टप्प्यावर चार वर्षांपूर्वी पायऱ्या झाल्या. सरळ, उताराच्या धारेवर, कारण सरळ रेषेत सगळ्यात कमी सिमेंट लागतं. मी गेल्या पावसाळ्यात छत्री घेऊन मुद्दाम बघायला गेले होते. अख्ख्या उताराचं पाणी त्या पायऱ्यांवरून खाली येत होतं, धबधबा केल्यासारखं, लोक खाली उभे राहून व्हिडिओ काढत होते. मी कडेने बघितलं. पायऱ्यांच्या बाजूची माती पाण्याने पोखरलेली, सातव्या-आठव्या पायरीखाली हात जाईल एवढी पोकळी, आणि पायरी नुसती सवयीने उभी होती. आता त्यातल्या तीन पायऱ्या कलल्यात, एकीचा कोपरा गेलाय आणि गज बाहेर आलाय. आणि माणसं? माणसं पायऱ्यांच्या शेजारून मातीतून चढतात, कारण पायरीची उंची कुणाच्याच पावलाला जुळत नाही! तिथे आता दुसरा ओघळ तयार होतोय. म्हणजे आपण ओघळावर उपाय म्हणून सिमेंट घातलं आणि एकाचे दोन केले.

टेकडीवर वाट कशी काढायची हे माहीत नसलेलं काही गूढ शास्त्र नाही. वाटा बनवणारे लोक दोन ठोकताळे वापरतात, एक म्हणजे वाटेचा चढ त्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर पाणी वाटच धरून पळतं, आणि दुसरा म्हणजे सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास. शंभर मीटर उंचीला दहा टक्के म्हणजे एक किलोमीटरची वाट, नागमोडी, उतारावर आडवी जात राहणारी, बाहेरच्या बाजूला किंचित कललेली, म्हणजे पाणी वाट ओलांडून निघून जातं, तिच्यात साचत नाही. आणि ठरावीक अंतरावर तिरके दगड बसवलेले, पाण्याला बाजूला काढायला. बस्स. पण ते दगड दर पावसाळ्यात मातीने भरतात, म्हणजे दर पावसाळ्याआधी कुणीतरी फावडं घेऊन जायला हवं. फावडंवाल्या माणसाचा पगार ही गोष्ट टेंडरमध्ये बसत नाही, सिमेंट बसतं.

एडिंबरोच्या त्याच कड्यांखाली १८२० नंतर एक वाट बांधली गेली, त्या वर्षीच्या कामगारांच्या उठावानंतरच्या दिवसांत बेकार झालेल्या विणकरांना काम म्हणून, आजही तिला रॅडिकल रोड म्हणतात. २०१८ मध्ये वरून दगड कोसळले आणि ती बंद करावी लागली, आणि मग वर्षानुवर्षं वाद, उघडा की बंदच ठेवा, जोखीम कुणाची. बुकित तिमाहलाही लोकांच्या पायांनी वाटा एवढ्या झिजल्या की २०१४ ते २०१६ दुरुस्तीसाठी टेकडी बहुतांश बंद ठेवली. म्हणजे देखभाल ही श्रीमंत शहरांनाही चुकत नाही. फरक एवढाच की ते टेकडी बंद करून वाट दुरुस्त करतात, आणि आपण वाट तशीच सोडून माथ्यावर अक्षरं लावतो.

आता माझ्या बाजूची कमकुवत जागा. मी हे सगळं एका धडधाकट बाईच्या गुडघ्यांवर उभं राहून लिहितेय. आमच्या शेजारच्या काकू वीस वर्षं टेकडीवर यायच्या, आता येत नाहीत, चढण्यापेक्षा उतरणं जमत नाही म्हणतात. त्यांचं खरंच आहे, उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं ओझं पेलतात, दुसऱ्या दिवशीची दुखणी उतरण्यातून येतात. काकू मला परवा सरळ म्हणाल्या, "तुला रस्ता नको, पण मग आम्ही वर यायचं कसं? का टेकडी फक्त तुम्हा तरण्यांची?" याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं आणि सुचलं तेही घरी आल्यावर. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी बाराला एक असा चढ चालतो, बारा मीटर चाललात की एक मीटर वर. त्या हिशोबाने शंभर मीटर उंचीला बाराशे मीटर लांबीची, मध्ये मध्ये सपाट थांबे असलेली वाट लागेल. एका बाजूने, रुंद, घट्ट दाबलेल्या मुरमाची, थांब्यांवर बाक, गरज आहे तिथे कठडा. अख्ख्या शंभर मीटरला नाही जमली तर पहिल्या खांद्यापर्यंत तरी करा, तिथून अर्धं शहर दिसतं. यासाठी खुशाल मोठा खर्च करा, मी टाळ्या वाजवेन, उद्घाटनालाही येईन. पण मग पायऱ्यांना 'ज्येष्ठांची सोय' म्हणणं बंद करा. पायरीवरून ना चाक चढतं ना काकूंचा गुडघा उतरतो. ज्येष्ठांच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक यादीत पायऱ्या असतात आणि सौम्य चढाची वाट नसते, यावरून यादी ज्येष्ठांना विचारून केलेली नाही एवढं नक्की.

दिव्यांचं बोलायचं तर मला बाई म्हणून हा प्रश्न सगळे आवर्जून विचारतात. "तुम्हाला सुरक्षित वाटायला दिवे नकोत का?" नकोत. मला सुरक्षित वाटतं ते सहा वाजता ठरलेली माणसं दिसतात तेव्हा, काठी आपटत येणारे ते लाल टोपीवाले, दोन कॉलेजच्या मुली, धापा टाकत फोनवर मोठ्याने बोलणारा तो माणूस (त्याचा फोन मात्र खरंच दरीत पडावा). दिव्याच्या उजेडात उभं राहिलं की आपण सगळ्यांना दिसतो आणि उजेडाबाहेरचं आपल्याला काहीच दिसत नाही, हे एकट्या बाईला सांगावं लागत नाही. एक फिरणारा राखणदार, ज्याला आम्ही चेहऱ्याने ओळखतो आणि जो आम्हाला ओळखतो, तो चाळीस खांबांपेक्षा जास्त उपयोगाचा. रात्र टेकडीच्या बाकी रहिवाशांची आहे, घुबडांची, रातकिड्यांची, सशांची. रात्री एकटीने टेकडीवर फिरण्याचा माझा हक्क मी सोडत नाहीये, पण त्यासाठी अख्खा उतार उजळायला मी मागणार नाही. इथे माझ्या दोन मैत्रिणी माझ्याशी अजिबात सहमत नाहीत, हेही नोंदवते.

आणि आपण चालणारे काही फार सोवळे नाही. ओघळ काय प्रशासनाने केला? आपणच केला, चाळीस पावलांसाठी. स्पीकरवर गाणी लावून चढणारे आपणच. जूनमध्ये जागतिक पर्यावरण दिनाला शंभर खड्डे घेऊन रोपं लावतो, फोटो काढतो आणि पुढच्या जूनला त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावतो. त्यातही जिथे मुळात गवताळ उतार आहे तिथे झाडंच का लावायची हा प्रश्न कुणी विचारत नाही, गवत म्हणजे उजाड हे डोक्यात पक्कं बसलंय. त्या गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, आपण कुदळ घेऊन नेमके तिथे पोचतो. चांगल्या मनाने.

आमच्याकडे एक निवृत्त काका आहेत, त्यांच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीबरोबर एक छोटी कुदळ असते. गेल्या महिन्यात ते वरच्या वळणावर गुडघ्यांवर बसून एक चपटा दगड वाटेत तिरका बसवत होते. मी मदत करायला वाकले आणि दगड वाटेला काटकोनात, सरळ आडवा ठेवला. "असा नको ठेवूस," ते म्हणाले, "अडवलंस की पाणी चिडतं, कडेने पोखरून जातं. तिरका ठेव, त्याला सांग की बाबा इकडून जा." मग त्यांनी दगडाची खालची बाजू मातीत चार बोटं गाडली, वरून पाय देऊन बघितला, हलला, परत काढला, खालची माती सारखी केली, परत बसवला. एका दगडाला वीस मिनिटं गेली. परवानगी घेतलीत का असं मी गमतीत विचारलं तर म्हणाले, मोडायला कुणी घेतली होती?

सूचना कळवायची मुदत अजून आहे. मी कळवलंय, सौम्य चढाची एक वाट, चार माणसं बारा महिने कामावर, पावसाआधी चर साफ, रस्ता नको, पार्किंग नको, अक्षरं तर नकोच नको. उत्तर अजून आलेलं नाही.

मध्यंतरी काकांनी आणि मी ओघळाच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकल्या, लोकांनी वळशानेच जावं म्हणून. तिसऱ्या दिवशी बघते तर कुणीतरी त्या उचलून अगदी व्यवस्थित बाजूला रचून ठेवलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला काटा लागू नये म्हणून असेल. आम्ही परत टाकल्या. त्या दिवशी मी वळशाच्या वाटेने गेले आणि जास्तीची पावलं मोजली. बावन्न भरली. चाळीस म्हणत होते ते चुकलंच.